बाबांच्या राक्षसाचे दोन हात

कूलरला नव्या ताट्या बसवून पहिलं पाणी सोडलं की वाळ्याचा वास घरभर पसरतो, आणि त्या वासासरशी माणसांना काय काय आठवतं. कोणाला आजोळ आठवतं, कोणाला कैरीचं पन्हं, कोणाला सुट्टीतली भांडणं. मला बोकडाच्या डोक्याचा आणि कोंबडीच्या पायांचा एक राक्षस आठवतो. आठवणींचं कपाट कोण लावून ठेवतं कुणास ठाऊक. साडी काढायला जावं तर हाती पतंगाचा मांजा येतो. यंदाही एप्रिल लागला, भिलाईत कोहक्याच्या आमच्या घराच्या गच्चीवरून कूलर खाली उतरला, ताट्या भिजल्या आणि मी हातात बादली धरून तशीच उभी राहिले. आई म्हणाली, "काय पाहून राहिली वं? पानी सांडून राहिलं." खरंच सांडत होतं.

तो उन्हाळा नऊ वर्षांपूर्वीचा. तेव्हा आम्ही सेक्टर सहाच्या क्वार्टरमध्ये राहायचो. दोन खोल्या, मागे अंगण, अंगणात मुनग्याचं, म्हणजे शेवग्याचं, झाड आणि खिडकीत कूलर. बाबा पोलादाच्या प्लांटमध्ये इलेक्ट्रिशियन, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. प्रज्ञाताई, माझी मोठी बहीण, पुण्याला नोकरी करायची. चौदा एप्रिलच्या जयंतीसाठी ती दोन आठवडे घरी आली आणि येताना बुंदीच्या लाडवांऐवजी एक खोका घेऊन आली. खोक्यावर केस करपलेला एक शास्त्रज्ञ डोळे वटारून हसत होता. आईनं खोका उलटापालटा करून पाहिला आणि विचारलं, "याच्यात खायाचं काही नाही?"

खायचं नव्हतं, पण बाकी सगळं होतं. चार वेडे शास्त्रज्ञ आणि प्रत्येकाला एकेक पुठ्ठ्याची प्रयोगशाळा. मधोमध पत्त्यांची गड्डी, आणि त्या पत्त्यांवर राक्षसांचे सुटे भाग: भोपळ्याचं डोकं, खेकड्याची नांगी, टेबलाचा पाय, हाताच्या जागी चक्क एक पळी. भाग जमवायचे, राक्षस जोडायचा, आणि एक पिवळा पत्ता होता विजेचा, तो टाकला की वीज कडाडली असं समजायचं. वीज पडली की सगळ्यांनी एकदम मधल्या ढिगाऱ्यावर झडप घालायची, मिळेल तो अवयव ओढायचा आणि आपल्या राक्षसाला चिकटवायचा. ज्याचा राक्षस पुरा झाला त्यानं उभं राहून भयंकर हसायचं. जितका विजोड राक्षस, तितके गुण जास्त.

ताई इंग्रजी पुस्तिकेतून एकेक नियम वाचून सांगत होती. बाबा चष्मा कपाळावर चढवून ऐकत होते. झडपेच्या नियमाशी त्यांनी तिला थांबवलं.

"थांब, थांब. वीज सोडल्यावर हात घालाचे?"

"हो बाबा. तीच तर मजा आहे."

"हे कोनं लिवलं?"

ताईनं खोका फिरवून पाहिला. "कोणी परदेशी माणूस आहे."

"त्यानं कधी बोर्डावर काम केलं नसन," बाबा म्हणाले आणि पुस्तिका तिच्या हातातून घेऊन बाजूला ठेवली.

त्यानंतर आमच्या घरात जो खेळ सुरू झाला तो जगात दुसरीकडे कुठे खेळला गेला नसेल. विजेचा पत्ता ज्याच्याकडे येईल त्यानं तो खिशात ठेवायचा. आईला खिसा नव्हता म्हणून ती कमरेला खोचायची. मग वीज सोडायच्या आधी विचारायचं, "हात बाहेर?" प्रत्येकानं हात मांडीवर ठेवून आपलं नाव घेऊन सांगायचं: प्रज्ञा बाहेर, मितू बाहेर, आई बाहेर. सगळी नावं आली की मगच पत्ता खिशातून निघायचा, वीज पडायची आणि ढिगाऱ्यातले भाग ओळीनं, एकेकानं, रेशनच्या दुकानात उभं राहिल्यासारखे घ्यायचे. ताईनं कपाळाला हात लावला. "बाबा, ते वेडे शास्त्रज्ञ आहेत. रांगेत उभे राहिले तर वेडे कसले?"

"वीज येडं-शहानं पाहात नाही, बाई," बाबा म्हणाले.

गेल्या वर्षी ताईच्या मुलीनं, ओवीनं, तोच खोका माळ्यावरून काढला. आठ वर्षं धूळ खाल्लेली पुस्तिका तिनं पाच मिनिटांत वाचून संपवली आणि जाहीर केलं, की या घरातले सगळे लोक हा खेळ चुकीचा खेळतात. मी म्हटलं, खरं आहे. मग तिच्या पद्धतीनं खेळलो. वीज पडली, तिनं झडप घातली, आजीची बांगडी फुटली, ती खदाखदा हसली. आणि मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले. नियम ठाऊक असूनही हात पुढे जाईनात. सवय अंगात एवढी खोल कशी शिरते, आणि नेमकी कोणत्या दिवशी शिरते, हे मला अजून कळलेलं नाही.

विजेच्या बाबतीत बाबा असेच होते, पहिल्यापासून. जुने इलेक्ट्रिशियन काम करायच्या आधी फ्यूज काढतात आणि तो स्वतःच्या खिशात टाकतात. काम संपेस्तोवर फ्यूज खिशात, म्हणजे मागून कोणी शहाणा येऊन लाइन चालू करू शकत नाही. बाबा ही पद्धत घरातही पाळायचे. आई कूलरमध्ये पाणी भरायला उठली की ते आधी फ्यूज काढणार, खिशात टाकणार, मग म्हणणार, "भर आता." मी सातवीत असताना एकदा ते दुपारी जेवायला घरी आले होते. आईनं पाणी भरलं, तेवढ्यात भोंगा झाला आणि बाबा सायकलवर टांग मारून निघून गेले. फ्यूज खिशात! अख्खी दुपार आम्ही उकडलेल्या रताळ्यांसारख्या पडून होतो. आईनं वीजखात्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. शेवटी शेजारचे एक काका बोर्ड पाहायला आले आणि पोट धरून हसत म्हणाले, "भाभीजी, फ्यूज तो है ही नहीं!" संध्याकाळी बाबा आले, खिशात हात घातला आणि त्यांचा चेहरा असा झाला, की आईला रागावताही येईना.

तर खेळ. जयंतीच्या दिवशी सकाळी विहारात वंदना झाली, दुपारी खीर वाटून झाली, निळ्या झेंड्यांची दोरी बांधून बाबांचे खांदे दुखत होते, तरी संध्याकाळी खोका उघडलाच. शेजारच्या छत्तीसगढी काकी खिरीची वाटी परत द्यायला आल्या आणि दारातच थबकल्या. पुठ्ठ्यावर पडलेलं डोकं, धड, पाय त्यांनी बराच वेळ न्याहाळलं. मग विचारलं, "अऊ एमा जीव कोन डारही?" यात जीव कोण घालणार? ताई म्हणाली, वीज. काकींना ते काही पटलं नाही. त्या मान हलवत निघून गेल्या. मला मात्र त्यांचा प्रश्न आवडला. मला लहानपणापासून प्रश्नांची खोडच आहे; शाळेत बाई म्हणायच्या, हिला उत्तर दिलं की दोन प्रश्न पदरात पडतात.

त्या दिवसांत मला सतावणारा प्रश्न वेगळाच होता. बाबा डावे हात का जमवतात? गड्डीत डावे हात तसे कमीच होते, आणि पळी किंवा नांगी लावली तर गुण जास्त मिळायचे. पण बाबा एका साध्या, पाच बोटांच्या डाव्या हातासाठी तीन डोळ्यांचं डोकं देऊन टाकायचे. स्वतःच्या राक्षसाला लावून जास्तीचा उरला तर टाकून द्यायचे नाहीत. आईच्या राक्षसाला हात नसला की गुपचूप तिच्या पुठ्ठ्यावर सरकवायचे. त्यांचा राक्षस नेहमी पुरा, दोन हातांचा, दोन पायांचा, सरळ. डबा आणि सायकल दिली असती तर पहिल्या पाळीला कामावर गेला असता. गुण अर्थात सगळ्यांत कमी. आम्ही हसायचो. तेही हसायचे, पण डावा हात सोडायचे नाहीत.

आणि या सगळ्या हसण्याखाली एक गोष्ट होती जिच्याबद्दल घरात कोणी बोलत नव्हतं. मार्चच्या शेवटी माझं नेमणुकीचं पत्र आलं होतं. दुर्गच्या पॉलिटेक्निकमधून मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला, भरतीची परीक्षा दिली, मेडिकल पार पडलं, आणि जूनमध्ये प्लांटमध्ये हजर व्हायचं होतं. मेंटेनन्सला. म्हणजे बाबा जे काम आयुष्यभर करत आले, तेच. बाबांनी पत्र दोनदा वाचलं, घडी केली, आलमारीत कागदांच्या तळाशी ठेवलं आणि म्हणाले, "बँकेच्या परीक्षेचा फारम भर." बस. ना हो, ना नाही, ना कारण.

मला ती नोकरी हवी होती, आणि बाबांच्या होकारासकट हवी होती. बावीस वर्षांची होते. नुसती हवीच असती तर सही करून हजर झाले असते, कोण अडवणार होतं? पण ज्या माणसाच्या शर्टाला येणारा ग्रीसचा वास मला पावडरीपेक्षा आवडायचा, त्याच्या मनाविरुद्ध त्याच्याच कामाला जायचं, हे जमेना. आई म्हणायची, "पोरगी हाय म्हनून भेत असतीन." मलाही तसंच वाटायचं, आणि म्हणून माझा जीव जास्तच जळायचा. शिका, शिका म्हणून पाठीस लागलेला, जयंतीच्या भाषणांना बोटाला धरून नेणारा हा माणूस, आणि वेळ आल्यावर यानंही पोरगीच पाहावी?

ताई पुण्याला परत गेली. खोका राहिला. दुपारी बाहेर लू सुटलेली, रस्त्यावर चिटपाखरू नाही, कूलरची घरघर आणि आम्ही तिघं खाली फरशीवर. एके दिवशी सकाळीच माझं आणि बाबांचं वाजलं होतं. बँकेच्या फॉर्मची शेवटची तारीख जवळ आली होती आणि त्यांनी तिची पुन्हा आठवण करून दिली होती. मी मूग गिळून खेळायला बसले. विजेचा पत्ता माझ्याकडे आला. मी तो खिशात ठेवलाच नाही. विचारलंही नाही. फाडकन पुठ्ठ्यावर आपटला आणि म्हटलं, "वीज!" आईचा हात पुठ्ठ्यावर होता, ती आपल्या राक्षसाला टेबलाचा पाय लावत होती.

पुठ्ठ्याचे पत्ते ते. पण बाबांनी माझं मनगट असं पकडलं की मला कळ आली. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"हात होता तिचा," ते म्हणाले. "दिसला नाही तुले?"

"खेळ आहे बाबा!"

"तिथं बी असंच करशीन?"

माझा तोल सुटला. "मी तीन वर्षं शिकलेय! मला काय अक्कल नाही? पोरगी आहे म्हणून नको म्हणताय ना? तसं सांगा तरी!"

बाबांनी माझं मनगट सोडलं. आईकडे पाहिलं. आईनं मान खाली घातली, म्हणजे तिला काहीतरी ठाऊक होतं.

"म्या एका मानसाचा हात घालवला हाय," बाबा म्हणाले. "डावा. कोपरापासून."

कूलर चालूच होता. मला आठवतं, एक पत्ता हवेनं उडून दारापाशी गेला आणि कोणी तो उचलला नाही.

भिलाईला यायच्या आधीची गोष्ट. बाबा वीस वर्षांचे, वर्ध्याकडच्या एका जिनिंगात कामाला. कापसाची जिनिंग, मोठमोठे पट्टे, आणि शंकर नावाचा जोडीदार. पट्टा सुटला की शंकर खाली शिरून तो चढवायचा, आणि बाबा मोटर चालू करायचे. त्या दिवशी बाबांनी मोटर चालू केली तेव्हा शंकर आतच होता.

अशा वेळी माणसं काय करतात? जवळ बसतात, पाठीवर हात ठेवतात, म्हणतात, तुमचा दोष नव्हता. मी तसलं काही केलं नाही. मी माझ्या खोडीप्रमाणे विचारलं, "स्विच कुठं होता?"

आई म्हणाली, "मितू!" पण बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि सांगितलं, "भिंतीच्या भाईर."

"म्हणजे आतला माणूस दिसायचाच नाही?"

"नाही."

"मग तो बाहेर आला हे कळायचं कसं?"

बाबांनी गुणांचा कागद ओढला, पाठीमागे पेन्सिलीनं एक चौकोन काढला. ही भिंत. हा पट्टा. हे दार. दारापाशी त्यांनी दोन छोट्या रेघा काढल्या. "चपला," ते म्हणाले. "शंकर पट्ट्याखाली शिरे तं दारात चपला काढून जाये. चपला असल्या तं मानूस अंदर. चपला नसल्या तं भाईर. त्या दिवशी चपला नव्हत्या."

"का नव्हत्या?"

"माईत नाही."

"विचारलं नाही त्यांना?"

"कोन्या तोंडानं इचारू?"

मग हेही कळलं, की दर वर्षी एप्रिलात बाबा दोन दिवस "शेताच्या वाट्याचं पाहायला" वर्ध्याकडे जातात ते शेतासाठी नाही. शंकरकाकांची पानटपरी आहे, तिथे जाऊन बसतात. मी विचारत गेले. मोटर बंद व्हायला किती वेळ लागला? आणखी कोण होतं? मालकानं नंतर काय बदललं? बाबा उत्तरं देत गेले, आधी अडखळत, मग जरा सरळ. अडतीस वर्षांत त्यांना कोणी एवढं साधं काही विचारलंच नव्हतं. लोकांनी समजूत घातली होती किंवा विषय बदलला होता.

शेवटी ते म्हणाले, "पोरगी हाय म्हनून नाही, माय. तुले काही होईन याचं भ्या वाटतेच. पन तुह्या हातून दुसऱ्याले काही झालं, तं तू हे घेऊन जगशीन कशी? हे म्या पाहू शकत नाही."

आजवर मी त्यांच्यावर रागावले होते तो माणूस भलताच कोणीतरी होता. मला फार लाज वाटली, आणि त्यांच्याबद्दल माया दाटून आली. म्हणून मी पुन्हा विचारलंच. "मला तिकडे न्याल?"

चार दिवस ते नुसते पाळीला जात-येत राहिले. पाचव्या दिवशी सकाळी दुर्ग स्टेशनवर आम्ही जनरलच्या डब्यात बसलो. आईनं भाकरी आणि ठेचा बांधून दिला होता. नागपूर गेलं, वर्धा आलं, तिथून एसटी. टपरी गावाच्या फाट्यावर, कडुनिंबाच्या सावलीत होती. शंकरकाका उजव्या हातानं पानाला चुना लावत होते आणि डाव्या बाहीतून निघालेल्या थोटक्यानं पान दाबून धरत होते, इतक्या सफाईनं की क्षणभर लक्षातच येऊ नये. मी बाहीकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं, आणि तिकडेच पाहत होते.

"ही तुही लाहानी का?" त्यांनी बाबांना विचारलं. आमच्यासाठी चहा मागवला. मग दोघं बसले. पाऊसपाणी, कापसाचा भाव, कोणाचं लग्न ठरलं. बाबा मान हलवत होते. माझ्या लक्षात आलं, की दर वर्षी हे असंच चालत असणार, आणि चहा संपला की बाबा उठत असणार. त्यांचा कप अर्ध्यावर आला होता. मला भीती वाटत होती. एखाद्याची जुनी जखम आपण कुतूहलापायी उकलणार, ती कशी निघेल कोणी सांगावं? पण कप रिकामा होत चालला होता.

"काका, त्या दिवशी तुमच्या चपला कुठं होत्या?"

बाबांचा कप तसाच हवेत राहिला.

शंकरकाकांनी माझ्याकडे पाहिलं. मग ते हसायला लागले. "पायात होत्या, माय! एप्रिलचा महिना, फरशी अशी तापली होती का पाय ठेववे ना. तसाच शिरलो अंदर." मग बाबांकडे वळून म्हणाले, "हे इचारासाठी पोरगी आना लागली काय बे तुले? अडतीस वर्सं येऊन राहिला. येते, बसते, चहा पिते, जाते. म्या म्हटलं, कधी तं इचारन हा."

बाबांनी कप खाली ठेवला. मग त्यांनी विचारलं, "दुखते का अजून?"

"थंडीत," शंकरकाका म्हणाले. "आज लगेच उठू नको, बसून राहा जरा. सांगतो."

मी उठून हातपंपाकडे गेले आणि तिथं मनसोक्त रडले. परत आले तेव्हा दोघंही वाकून मातीत काडीनं काहीतरी काढत होते. ही भिंत, हा पट्टा. शंकरकाका म्हणत होते, स्विच इथं नाही, इकडं होता, तू इसरला. बाबा म्हणत होते, नाही, इथंच. अडतीस वर्षांहून जुने दोन मित्र भांडत होते.

परतीची गाडी गच्च भरलेली होती. गोंदियाला बसायला जागा मिळाली. बाबा खिडकीबाहेर पाहत होते, ऊन उतरलं होतं, पळसाची झाडं मागे जात होती. मी काही विचारलं नाही. त्या दिवसाचे माझे सगळे प्रश्न संपले होते. डोंगरगढ जवळ आलं तसे ते माझ्याकडे वळले. माझ्या पायांकडे त्यांनी निरखून पाहिलं.

"बायाईच्या मापाचे सेफ्टी बूट स्टोरात लवकर भेटत नाही," ते म्हणाले. "आताच सांगून ठेवा लागन. नंबर किती तुहा?"

"पाच," मी म्हटलं.